त्याला माहीत आहे, मला नाही



आजचा श्लोक : भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

अठरावा अध्याय म्हणजे निरोपाची वेळ. सांगायचं ते बहुतेक सगळं सांगून झालंय. रथ अजून दोन्ही सैन्यांच्या मधेच उभा आहे. आणि तिथे भगवान अर्जुनाला जे म्हणतात त्याचा भावार्थ असा : गुपितातलं गुपित असं हे ज्ञान मी तुला सांगितलं. आता त्याचा नीट, पूर्ण विचार कर, आणि मग तुला वाटेल तसं कर.

पहिल्यांदा वाचला तेव्हा मी या श्लोकावर थांबलोच नव्हतो. पुढच्या श्लोकांत शरणागती आहे, सगळे तिकडे धावतात, मीही धावलो. मला इथे थांबवलं ते माझ्या मावसभावानं.

ही २०१९ सालची गोष्ट. तो तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. कल्याणला राहायचा आणि रविवारी आमच्याकडे डोंबिवलीला जेवायला यायचा. माझ्या टेबलावरची गीता चाळत म्हणाला, "दादा, एक सांग. सातव्या अध्यायात हेच कृष्ण म्हणतात ना, की होऊन गेलेले, आत्ता असलेले आणि पुढे होणारे सगळे जीव मला माहीत आहेत?"

"हो, सव्विसावा श्लोक."

"मग अर्जुन काय करणार हेही त्यांना माहीत असणार. आणि त्यांना माहीत आहे ते चुकणार नाही. चुकलं तर ते सर्वज्ञ कसले? म्हणजे अर्जुनाला दुसरं काही करताच येणार नाही. मग 'तुला वाटेल तसं कर' याला अर्थ काय? निकाल आधीच लावून ठेवलाय आणि वर सांगतायत, विचार करून पेपर लिही हं!"

आई ताटं घेत होती, ती हसली. मीही हसलो. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. "अरे, श्रद्धेच्या गोष्टीत तर्क चालत नाही," असं काहीतरी बोलून मी आमटी वाढायला घेतली.

आज त्या उत्तराची मला लाज वाटते. तो खरं विचारत होता आणि मी त्याला गप्प बसवलं. शिवाय मी जे बोललो ते आपल्या परंपरेला धरूनही नव्हतं.

कसं ते बघा. डोंबिवलीत राहणाऱ्याला फडके रोडचं गणेश मंदिर सांगायला नको. दिवाळीच्या पहिल्या पहाटे नवे कपडे घालून आपण सगळे तिथे का जमतो हे बाहेरच्यांना कळत नाही. १९९९ साली गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली तीही याच मंदिराच्या पुढाकारानं. त्या गणपतीसमोर आपण हजार वेळा उभे राहिलोय. आता ज्ञानेश्वर माउलींनी गणपती कसा पाहिला ते आठवा. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या अगदी सुरुवातीला गणेशाचं रूपक आहे. सहा दर्शनं म्हणजे त्याचे सहा हात. आणि दर्शनांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून प्रत्येक हातात वेगळी वस्तू. त्यात तर्क म्हणजे परशू. वेदान्त म्हणजे मोदक.

तर्क बाहेर ठेवून देवळात या, असं माउली म्हणत नाहीत. तर्क देवाच्याच हातात आहे. पण तो परशू आहे. परशूचं काम तोडायचं. मोदकाची चव परशूला कळत नाही, आणि मोदकानं लाकूड तुटत नाही. दोन्ही हात त्याचेच.

तर्काशी आपल्या लोकांनी केवढं झुंजून पाहिलंय! कुमारिल भट्ट वेदांचे कट्टर पुरस्कर्ते. पण सर्वज्ञ असा कोणी असू शकतो हेच त्यांना मान्य नव्हतं. वेद मानायचे, सर्वज्ञ मानायचा नाही, ही मीमांसकांची भूमिका. उलट मिथिलेचे उदयनाचार्य. त्यांनी 'न्यायकुसुमाञ्जलि' हा ग्रंथच ईश्वर आहे हे तर्कानं सिद्ध करायला लिहिला. त्यांचा एक मुद्दा साधा आहे : मडकं आहे म्हणजे कुंभार आहे, आणि कुंभाराला माती कळते म्हणूनच मडकं होतं. मग हे जग ज्यानं घडवलं त्याला जगातला कण न् कण माहीत असायलाच हवा. म्हणून तो सर्वज्ञ. दुसऱ्या बाजूला कठोपनिषद सांगतं की ही जाणीव नुसत्या तर्कानं हाती लागत नाही. ब्रह्मसूत्रंही म्हणतात की एकट्या तर्काला बूड नसतं, कारण एकाचा तर्क दुसरा हुशार माणूस उलटवतो. पण त्या सूत्रावरच्या शांकरभाष्यात लगेच एक आक्षेपही मांडलाय, तो मला फार आवडतो : तर्काला बूड नाही, हे तुम्ही सिद्ध कशानं केलंत? तर्कानंच ना?

म्हणजे मावसभावानं विचारलं ते काही वात्रट नव्हतं. तो जुन्याच सभेत येऊन बसला होता. मीच दार लावून घेतलं.

त्या रविवारनंतर महिन्याभरात आईला गाठ लागली. तिनं आठ दिवस कोणाला सांगितलंच नाही. मग तपासण्या झाल्या, बायोप्सी झाली, आणि रिपोर्टची वाट बघणं सुरू झालं.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत रोज ऑफिसला जाण्याआधी मी फडके रोडला जायचो. हात जोडायचो आणि म्हणायचो, "देवा, रिपोर्ट चांगला येऊ दे." तिसऱ्या दिवशी मावसभावाचा आवाज डोक्यात ऐकू आला. नमुना घेऊन झालाय. त्यात जे आहे ते आहे. मी आता काय मागतोय? झालेलं न झालेलं व्हावं, असं? हे तर देवाला अडचणीत टाकण्यासारखं झालं. पण हात काही खाली येईनात.

रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज आला तेव्हा मी ठाण्याहून घरी निघालो होतो, संध्याकाळच्या फास्ट लोकलमध्ये. खांद्याला खांदा लागलेला, एक हात वर, एका हातात फोन. लिंक दाबली. गाडीनं खाडीचा पूल ओलांडला, चकती गोल गोल फिरत राहिली, आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. नेटवर्क गेलं.

तुमच्यातल्या ज्यांनी हल्लीच नोकरी धरलीय त्यांच्यासाठी सांगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली. तोवर फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ सालचा बोगदा, लांबी साधारण १.३ किलोमीटर. आत शिरलं की पंख्यांचा आवाज एकदम मोठा व्हायचा आणि खिडकीत स्वतःचाच चेहरा दिसायचा.

त्या मिनिट-दीड मिनिटात मला एक गोष्ट कळली. रिपोर्ट आहे. कुठल्याशा कॉम्प्युटरवर तो उघडा आहे. सही करणाऱ्या डॉक्टरांना तो माहीत आहे. आणि त्यांना माहीत आहे म्हणून आईला काही झालेलं नाही. जे आहे ते आहे, म्हणून त्यांना माहीत आहे.

मावसभावाच्या तर्कातली फट इथे होती. देवाला माहीत आहे ते चुकणार नाही, हे खरं. पण त्यातून "म्हणून माणसाला दुसरं काही करताच आलं नसतं" हे निघत नाही. काल मी स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला. आज ते कोणालाही बदलता येणार नाही, अगदी शंभर टक्के पक्कं आहे. म्हणून काल मला तो खावाच लागला का? नाही. मी भजीही घेऊ शकलो असतो. घेतली असती, तर आज भजीची गोष्ट पक्की असती. आपल्याला काल जसा दिसतो, तसा त्याला उद्याही दिसत असेल. पारसिकच्या डोंगरावर कोणी बसला, तर त्याला बोगद्याची दोन्ही तोंडं दिसतील. गाडी शिरताना दिसेल, निघताना दिसेल. आत आम्हाला फक्त काळोख. त्याच्या बघण्यानं गाडी चालत नाही.

इथवर परशूनं काम चोख केलं. पण खरं सांगायचं तर दाखला इथे पुरत नाही. डोंगरावरच्या माणसानं रूळ टाकलेले नसतात. देवानं टाकलेत, असं आपण मानतो. उदयनाचार्यांचं म्हणणंच ते होतं, की ज्यानं घडवलं त्याला माहीत आहे. मग प्रश्न दुप्पट होऊन परत येतो. नुसतं माहीत असणं म्हणजे घडवणं नाही, कबूल. पण ज्याला माहीतही होतं आणि ज्यानं घडवलंही, त्यानं असं का घडवलं?

बोगदा संपला. मुंब्र्याच्या उजेडात रिपोर्ट उघडला. गाठ कर्करोगाची होती.

यावर ब्रह्मसूत्रांनी उत्तर दिलंय. देव पक्षपाती नाही, निष्ठुर नाही. तो जीवांच्या कर्माला अनुसरून सृष्टी करतो. शास्त्र म्हणून हे उत्तर मला आजही मान्य आहे. पण तेच उत्तर आमच्या बाहेरच्या खोलीत कसं आलं ते ऐका. बातमी कळल्यावर नात्यातल्या एक काकू भेटायला आल्या. भल्या बाई, येताना केळी आणि अंगारा घेऊन आल्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल गं. भोगून संपवायचं." आई "हो" म्हणाली. काकू गेल्यावर स्वयंपाकघरात बराच वेळ नळ चालू होता. भांडी घासलेलीच होती.

त्या रात्री मी गीता उघडली ती भांडायलाच. आणि चौथ्या अध्यायात सापडलं. पाचव्या श्लोकात भगवान अर्जुनाला म्हणतात, की माझे आणि तुझे पुष्कळ जन्म होऊन गेले. ते सगळे मला माहीत आहेत, तुला नाहीत. याच अध्यायात पुढे सतराव्या श्लोकात म्हणतात, की कर्माची गती गहन आहे.

मंडळी, आज मला सांगायचंय ते एवढंच आहे. "देव सर्वज्ञ आहे" हे वाक्य आपण सहज बोलतो. पण ते खरं मानलं तर त्यातून सगळ्यात आधी काय निघतं? हे, की मी सर्वज्ञ नाही. ते जन्म त्याला माहीत आहेत, मला नाहीत. काकूंना तर नाहीतच. कुठल्या कर्माचं फळ कुठल्या गाठीत आलं हे जो सांगतो, तो देवावर श्रद्धा ठेवत नाहीये. तो देवाच्या खुर्चीत बसून बोलतोय. कर्माचा सिद्धांत स्वतःचं वागणं तपासायला आहे. दुसऱ्याच्या आजारपणाचा निकाल द्यायला लागणारी माहिती आपल्यापैकी कोणाकडेच नाही.

हाच परशू दुसऱ्या बाजूनंही चालवून बघा. "सगळं ठरलेलं आहे, मग औषध कशाला, अभ्यास कशाला?" असं म्हणणाऱ्याला विचारा, काय ठरलेलं आहे? तो सांगू शकणार नाही. बरी होणार असं ठरलं असेल, तर कशानं बरी होणार? कदाचित त्याच औषधानं. देवाला शेवट माहीत आहे तसा मधला प्रत्येक दिवसही माहीत आहे, आणि त्यात माझी धावपळही आली. मला शेवट माहीतच नाही, तर त्या न कळलेल्या शेवटाचं कारण सांगून मी हातपाय कसे गाळू?

एक जास्त कठीण उदाहरण देतो. ९ जून २०२५ ची सकाळ आपल्या लाईनवर कोणी विसरलेलं नाही. मुंब्र्याजवळच्या वळणावर धावत्या लोकलच्या दारात लटकलेली माणसं खाली पडली. काही जण घरी परतलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात एकजण म्हणाला, "ज्याची त्याची वेळ लिहिलेली असते." कोणी काही बोललं नाही. मलाही तेव्हा धीर झाला नाही, म्हणून आज लिहितो. देवाला काय माहीत होतं ते मला माहीत नाही. पण आपल्याला काय माहीत होतं ते मला पक्कं माहीत आहे. गर्दी किती असते, दारात किती जण लटकतात, गाडी वळणावर किती कलते, हे सगळं आपल्याला रोज दिसत होतं. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींची जबाबदारी देवाला माहीत असलेल्या गोष्टींवर ढकलता येत नाही. तसं करण्याला मी श्रद्धा म्हणणार नाही.

आता तुमच्यातले गीतेचे वाचक मला अडवतील, आणि अडवायलाच हवं. अकराव्या अध्यायाचं काय? तिथे विश्वरूप दाखवून भगवान सांगतात, की हे योद्धे मी आधीच मारलेले आहेत, तू फक्त निमित्त हो. मग ठरलेलं नाही कसं?

मी तो भाग पुन्हा पुन्हा वाचलाय. भगवान तिथे म्हणतात, की तुझ्याशिवायही हे सैन्य उरणार नाही. म्हणजे सैन्याचं काय होणार ते सांगून टाकलंय. अर्जुन काय करणार ते मात्र सांगितलेलं नाही. त्याला "निमित्त हो" असं म्हटलंय. ही आज्ञा आहे. आणि "नाही" म्हणणं ज्याच्या हातात आहे त्यालाच आज्ञा करण्यात अर्थ असतो. पंख्याला कोणी "फिर" म्हणत नाही, बटण दाबतात. अर्जुनाला कोणी बटण दाबून उठवलेलं नाही. त्यानंतर आणखी सात अध्याय त्याच्याशी बोलणं चाललंय.

आणखी एक जागा आहे, ती तर आजच्या श्लोकाच्या तीनच श्लोक आधी. अठराव्यातला साठावा. तिथे भगवान म्हणतात, की मोहामुळे जे करायला तू नको म्हणतोयस, तेच तुझ्या स्वभावातून आलेल्या कर्मानं बांधला जाऊन तू करशील, नाइलाजानं करशील. मूळ शब्द आहे 'अवश'. बारकाईनं बघा, बांधणारी गोष्ट काय सांगितली? स्वभाव. देवाला माहीत असणं हे कारण तिथे दिलेलंच नाही. आणि लगेच त्रेसष्टाव्यात शब्द येतो 'विमृश्य', पूर्ण विचार करून. साठाव्यापासून त्रेसष्टाव्यापर्यंत काम कदाचित तेच असेल. फरपटत जायचं की विचार करून जायचं, एवढं अर्जुनाच्या हातात ठेवलंय. आणि हे "एवढं" किती मोठं असतं, ते मला पुढच्या अडीच वर्षांत बघायला मिळालं.

आईचे उपचार ठाण्यात सुरू झाले. केमो तर घ्यायलाच लागणार होती, त्यात निवड नव्हती. पहिल्या दोन वेळा ती अक्षरशः फरपटत आली. तिसऱ्या वेळी आदल्या रात्री तिनं स्वतः पिशवी भरली. पाण्याची बाटली, शाल, आवळा सुपारी, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईंसाठी एक डबा. "त्यांना कोणी नाही रे आणून देणारं," म्हणाली. रोग तोच, सलाईन तीच, खुर्ची तीच.

मी तिला एकदा रिक्षात विचारलं, "आई, तू रोज देवाशी एवढं काय बोलतेस? त्याला तर सगळं माहीतच आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "माझ्या फोनमध्ये तू कुठे आहेस ते दिसतं ना? तूच लावून दिलंयस ते. ठाण्याला उतरलास की मला दिसतं. तरी मी 'पोचलास का' विचारतेच ना?"

"हो, पण का विचारतेस?"

"तू सांगावंस म्हणून."

यावर मला काही सुचलं नाही. माझी गणेश मंदिरातली अडचण मात्र तिथेच सुटली. बायोप्सी झाल्यावर मी हात जोडून जे मागत होतो ते माहिती म्हणून निरर्थक होतं, कारण त्याला माहीत होतं. झालेलं बदल असं म्हणणंही निरर्थक होतं. पण मी खरं तर घाबरलो होतो आणि ते कोणालातरी सांगत होतो. ज्याला सगळं माहीत आहे त्याच्याशी बोलायला नवी बातमी लागत नाही. उलट त्याच्यापुढे काही लपवावं लागत नाही, एवढाच काय तो फायदा. तर्कानं मला दाखवून दिलं की माझ्या प्रार्थनेनं रिपोर्ट बदलणार नाही. ते बरंच झालं. कारण तोवर मी नवस आणि सौदे यांतच अडकलो होतो. ते तुटल्यावर जे उरलं तीच प्रार्थना होती.

आई २०२२ च्या सुरुवातीला गेली. मधली बरीचशी वर्षं लॉकडाऊनची होती आणि मी घरूनच काम करत होतो. एरवी रोजचे तीन तास गाडीत गेले असते. ते तिच्याजवळ गेले. कधी कधी मनात येतं, की देवानं हे आपल्यासाठी जुळवून आणलं. आणि लगेच मी स्वतःलाच थांबवतो. त्याच लॉकडाऊनमध्ये किती जणांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही झालं नाही. त्यांच्यासाठी मग काय जुळवलं होतं? काकूंनी दुःखाचं कारण सांगितलं तेव्हा मला राग आला. मग सुखाचं कारण सांगायचा अधिकार मला कुठून मिळाला? मी आभार मानू शकतो, कारण सांगू शकत नाही. परशू इथेही चालवायलाच हवा.

तिनं असं का घडवलं जावं, या प्रश्नाचं उत्तर मला मिळालेलं नाही. तुम्हाला इथे ते मिळेल अशी आशा लावून मी फसवणार नाही. तो प्रश्न मी रोज सकाळी पूजेच्या वेळी समोर ठेवतो, फुलांसारखाच. अर्जुनानंही शंका दाबून नमस्कार केला नव्हता. त्यानं विचारलं, परत विचारलं, तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तर तुमच्या बोलण्यानं माझा गोंधळ होतोय असंही स्पष्ट सांगितलं. आणि भगवान रागावले नाहीत.

आता पुन्हा आजच्या श्लोकाकडे. सर्वज्ञ बोलतोय. त्याला अर्जुन काय करणार ते माहीत आहे. तरीही तो निकाल सांगत नाही. "तू लढणारच आहेस, मी बघितलंय" असं म्हणून तो वाद संपवू शकला असता. त्याऐवजी म्हणतो, विचार कर. ज्याला सगळं माहीत आहे, त्यानं समोरच्याच्या विचारासाठी जागा सोडली. आणि मला काहीच माहीत नव्हतं, तरी मी एका एकोणीस वर्षांच्या मुलाला "तर्क चालत नाही" म्हणून गप्प केलं होतं.

आईच्या पहिल्या वर्षश्राद्धाला मावसभाऊ आला होता. आता तो नोकरीला लागलाय. जेवणं झाल्यावर आम्ही गॅलरीत उभे होतो. मी म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय." बोगद्याचं सांगितलं, वडापावचं सांगितलं, साठावा आणि त्रेसष्टावा श्लोक सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, डोंगरावरचा माणूस ठीक आहे. पण रूळ कोणी टाकले, तो प्रश्न तसाच राहतो."

"राहतो," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी ये. परत बघू."

तो येतो. अजून भांडतो. आम्ही अठरा अध्याय एकदा पुरे केलेत, दुसरी फेरी चालू आहे.

आजच्या दिवसासाठी एवढंच करा. कोणाच्या दुःखावर "असंच लिहिलेलं असेल" असं ओठावर आलं, तर ते गिळा आणि "तुला काय हवंय?" असं विचारा. आणि रात्री झोपताना, ज्याला सगळं माहीत आहे त्याला तुमच्या दिवसातली एक गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगा. पोचल्याचं कळवतो ना, तसं.

उद्या चौसष्टावा श्लोक घेऊ.

राम कृष्ण हरी.